हातातला थंडावा

सुधाकरनं झाकणाची पांढरी डबी माझ्यापुढे ओट्यावर ठेवली, तिच्यावर एक चपटी लाकडी काडी ठेवली, आणि उद्या सकाळचं पहिलं यात द्या म्हणाला. पहिलं काय, मी विचारलं. तो स्वतःच्या चपलेकडे पाहत म्हणाला, "परसाकडचं, काकाजी." आत प्रेमलता, माझी सून, गहू पाखडत होती; तिच्या सुपाचा आवाज थांबला. मी एकतीस वर्षं पांढुर्ण्याच्या जकात नाक्यावर मुन्शी म्हणून बसलो. संत्र्याच्या पेट्या, सरकीची पोती, नवरीच्या रुखवताच्या टोपल्या, गावात जे शिरेल त्याचं झाकण उघडायला लावायचं हे माझं काम. भल्याभल्यांना मी म्हणालो आहे, दाखवा, काय आहे आत. आणि त्याच नाक्यामागच्या बोळीत जो उघडानागडा हिंडला, ज्याचं नाक मी माझ्या रुमालानं पुसलं, तो हा सुधाकर आरोग्य निरीक्षक झाला म्हणून सदुसष्टाव्या वर्षी मला म्हणतो, दाखवा, काय आहे आत. मी डबीला हात लावला नाही. ती तिथेच ऊन खात बसली, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी, आणि तिच्याकडे न पाहण्यात माझी सगळी सकाळ गेली.

त्याचं म्हणणं असं, की भादव्यापासून माघापर्यंत पांढुर्णा ते बोरगाव या पट्ट्यात अकरा घरी मोतीझिरा निघाला. डॉक्टर लोक त्याला टायफॉइड म्हणतात. आमच्याकडे मोतीझिरा, कारण दुसऱ्या आठवड्यात तापकऱ्याच्या गळ्यावर, पोटावर मोत्याच्या कणीसारखे दाणे दिसतात. सुधाकरनं विहिरी तपासल्या, दूधवाले तपासले, काही हाती लागलं नाही. मग घरोघर बसून विचारलं, ताप यायच्या आधीच्या पंधरवड्यात कुठे जेवले होते. कुणी बारशाला, कुणी तेरवीला, कुणी साक्षगंधाला. अकराही ठिकाणी पंगतीत मठ्ठा होता, आणि अकराही ठिकाणी तो मी कालवला होता. हे तो इतक्या हळू आवाजात सांगत होता की मला त्याच्या म्हणण्यापेक्षा त्या हळूपणाचाच संताप आला. मी विचारलं, मला ताप आहे का? नाही. या वर्षात मी एक दिवस तरी पडून होतो का? नाही. जामसांवलीच्या फाट्यापासून मारुतीपर्यंत मी अजून पायी जातो की नाही? जाता. मग धडधाकट माणूस आजार वाटत हिंडतो, असं तू मला सांगतोस? एवढी मोठी थाप तर मीसुद्धा आजवर मारलेली नाही. तेव्हा कुठे त्याला हसू आलं. म्हणाला, "म्हणून तं डबी आणली, काकाजी. तुमच्या तोंडी जबानीवर कोन भरोसा करते?"

मी खोटं बोलतो हे मी कुणापासून लपवलेलं नाही. तिगावच्या ठेसनात मेल थांबत नाही. पण मी एकदा फलाटावर शिदोरी सोडली तर ठेच्याच्या वासानं ड्रायव्हरनं ती उभी केली आणि गार्ड उतरून अर्धी भाकर खाऊन गेला, हे मी नाक्यावर किती वेळा सांगितलं असेल. सौंसरकडच्या एका बागेत संत्रं एवढं झालं की फोडी करायला सुतार लावावा लागला. त्यानं सालीवर करवत धरली आणि चार शेतं पलीकडे औत हाकणाऱ्याच्या डोळ्यांत चिळकांडी गेली. ऐकणारे ते मानत नसत, त्यांनी मानावं असं मीही म्हणत नसे. खोट्यालाही एक इमान असतं, बाप्पा. ऐकणाऱ्याला ठाऊक पाहिजे की हे खोटं आहे. त्याला ठाऊक आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक पाहिजे. उभ्या जन्मात मी ते इमान एकदाच मोडलं, आणि लोकांनी नेमकी तेवढीच एक थाप उराशी धरली. याचा राग मी कुणावर काढायचा?

त्यांनी मानलं ते हे, की माझा हात थंड आहे. देवीचा हात लागून गेलेला. कवडूजींनी मठ्ठा कालवला की पंगतीत कुणाला उन्हाळी लागत नाही, पोट बिघडत नाही, लेकरं तापत नाहीत. लग्नाची तारीख निघाली की भटजीच्या पाठोपाठ माझ्याकडे माणूस येतो. मांडवामागे ताकाचे मोठे मोठे गंज मांडलेले असतात, बायका मिरच्या, आलं, सांबार म्हणजे कोथिंबीर वाटून ठेवतात, मग मी बाही दुमडतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. त्या वेळी सगळे गप्प होतात. ताक बोटांतून फिरत असतं, मिठाचे खडे तळाशी लागतात, विरतात, आणि आजूबाजूच्या शंभर डोळ्यांचं वजन माझ्या दंडावर बसलेलं असतं. मला ते आवडायचं. का आवडू नये? एरवी मी कोण? कवडू. माझ्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं मला सुइणीला कवडीला विकलं आणि परत घेतलं, त्यावरून पडलेलं नाव. ज्याला यमानं उचलू नये म्हणून आईनं टाकाऊ ठरवला, त्याच्या हाताची लोक वाट पाहतात, हे काय थोडं झालं? आणि एक नियम होता. कालवण्याआधी मी हात धुवायचा नाही. पाणी लागलं की थंडावा उतरतो. कुठूनही आलो असलो, नाक्यावरून, शेतावरून, परसाकडून, तरी हात तसाच आत. हा नियम कुणी केला? मीच. पण तो कधी केला, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

डबी मी दिली. रागानं दिली, दोन दिवसांनी, प्रेमलता काही बोलली नाही म्हणून दिली. बोलली असती तर दिली नसती. तिनं फक्त न्हाणीच्या दगडावर एक साबणाची वडी आणून ठेवली, माझ्या एकट्यासाठी वेगळी, आणि माझी नात प्रतिभा माझ्या ताटातली भाकर उचलायला आली तेव्हा तिला हाक मारून आत बोलावलं. प्रतिभा चौदा वर्षांची. अकरा घरांतलं एक घर आमचं होतं. भादव्यात ती एकवीस दिवस तापली, आणि त्या एकवीस दिवसांत मी तिच्या कपाळावरचा हात काढला नाही; लवंगेचं पाणी मीच चमच्यानं पाजलं, मनुका बिया काढून मीच तोंडात घातल्या. ताप उतरला, मग केस उतरले. डोक्याला रुमाल बांधून शाळेत जाते. थंड हात होता म्हणून वाचली, असं गल्लीत सगळे म्हणाले, आणि मी नम्रपणे मान खाली घातली होती. ती मान आठवली की अजून माझं तोंड कडू होतं.

एक डबी पुरत नाही म्हणे. तीन दिल्या. त्या नागपूरला गेल्या, आणि पहिल्या दोन निर्मळ निघाल्या. मी सुधाकरला म्हटलं, दोन विरुद्ध एक. कोणत्याही पंचायतीत मी निवडून आलो असतो. पण यांच्या कारभारात तिसरीचंच खरं. मला सौंसरला बोलावणं आलं. मुलगा रवींद्र शाळेला सुट्टी टाकून सोबत आला, बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. तिथल्या सरकारी दवाखान्यात नलिनी म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई, नागपूरकडची. तिनं मला खुर्ची दिली, आजोबा म्हणाली, आणि म्हणाली, बघायचंय का? तिच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाच्या नळीखाली नागपूरहून आलेली काचेची पट्टी होती. मी एक डोळा मिटून नळीत पाहिलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग तिनं काहीतरी फिरवलं आणि काड्या दिसल्या. गुलाबी. आखूड, दोन्ही टोकांना गोल, कुणी सांबाराचे देठ बारीक चिरून ताटात उधळावेत तशा, हजारांनी. त्यांचं नाव साल्मोनेला. मला वाटलं छिंदवाड्याच्या मिशनमधली कुणी जुनी मडम असेल. हलत नव्हत्या, मेलेल्या होत्या, रंगवलेल्या होत्या. पण मला त्यांचा असा राग आला की त्या नळीत बोट घालावंसं वाटलं. मी पाहुण्याला पाट देणारा माणूस आहे. पण जो पाहुणा आल्याचं सांगत नाही, जेवल्याचं सांगत नाही, निघायचं नाव घेत नाही, आणि माझ्या हातानं दुसऱ्याचं घर जाळतो, त्याला काय म्हणायचं? बाईनं सांगितलं, आजारातून उठलेल्या एखाद्या माणसाच्या पित्ताच्या पिशवीत त्या राहून जातात. त्याला काही होत नाही. वर्षानुवर्षं होत नाही. परसाकडच्या वाटेनं त्या अधूनमधून बाहेर पडतात, बोटांना लागतात, नखांमध्ये बसतात, तिथून अन्नात. ताकासारख्या न उकळलेल्या गोष्टीत तर सुखानं जातात. गोळ्या पुष्कळ दिवस घ्याव्या लागतील, त्यानं भागलं नाही तर नागपूरला ती पिशवीच काढावी लागेल. आणि तीनदा निर्मळ निघेपर्यंत कुणाच्या अन्नात हात घालायचा नाही. घरी साबणानं, नखांमध्येसुद्धा, चोळून धुवायचे. पंगतीच्या कामाला तर धुऊनही नाही.

मग तिनं लिहायला कागद ओढला. तुम्हाला कधी झाला होता? एकोणपन्नास साली, मी म्हणालो. तेव्हा घरात आणखी कुणाला? टेबलावरच्या पंख्यानं तिच्या कागदाचा कोपरा उचलला, खाली ठेवला. शेजारी रवींद्र बसला होता. एकोणपन्नास साली तो दोन वर्षांचा होता. सदतीस वर्षं मी ज्या प्रश्नाचं इतकं सुंदर उत्तर देत आलो, ज्या उत्तरावर बायकांनी पदर डोळ्यांना लावले, ते माझ्या जिभेवर आलंच नाही. "नाही," मी म्हणालो. "कोनाले नाही." माझ्या सगळ्या खोट्यांतलं हे सगळ्यात रोड, बिनमिठाचं खोटं, आणि तेच तेवढं सरकारी कागदावर चढलं. रवींद्रनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. माझ्या घरातल्या माणसांना न बोलण्याची फार वाईट खोड आहे.

परतीच्या बसमध्ये माझ्या नाकात आंबट वास भरून राहिला. ज्वारीच्या कण्यांचा. बयना, माझी बायको, कण्या ताकात शिजवायची. त्या वर्षी मी बेचाळीस दिवस मोतीझिऱ्यानं पडलो होतो. मोतीझिरा म्हणजे घरात मोतीमाय देवी आली, म्हणून तिनं बेचाळीस दिवस चुलीवर फोडणी दिली नाही, केसांना तेल लावलं नाही, माझ्या उशाशी लवंगेचं पाणी घेऊन बसली. त्रेचाळिसाव्या दिवशी मला भूक लागली. ती भूक अजून आठवते, पोटात नव्हे, दातांत होती. भिंत धरत मी परसाकडे जाऊन आलो, स्वतःच्या पायांनी, पहिल्यांदा, आणि ओसरीवर बसलो तेव्हा जणू सातपुडा चढून आलो होतो. तिनं कण्यांचं ताट पुढं ठेवलं. म्हणाली, "हात धुऊन घ्या न जी." विहिरीपर्यंत जायची ताकद नव्हती, आणि आनंद असा झाला होता की चेष्टा सुचली. मी म्हटलं, या हाताले देवीचा वास लागला हाय, धुतला तं थंडावा जाईन. ती हसली. दीड महिन्यानंतर ती हसत होती. मी कण्या बोटांनी कालवल्या आणि पहिला घास माझ्या तोंडात नाही घातला, तिच्या घातला. तिनं नको नको म्हणत खाल्ला. माझं बोट तिच्या दाताला लागलं. दुसराही खाल्ला. बारा दिवसांनी तिचं अंग तापलं, आणि तापाच्या एकोणिसाव्या दिवशी ती गेली. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी ते अशा जागी ठेवलं होतं जिथे मी स्वतः जात नव्हतो. पित्ताच्या पिशवीसारखी एक जागा. डॉक्टरीणबाईनं तिच्या नळीतून तिथे उजेड पाडला. तिला कुणी सांगितलं होतं?

तिच्या तेरवीला तिचा धाकटा भाऊ नत्थूजी बोरगावहून आला. तेव्हा वीस वर्षांचा. पंगत उठल्यावर सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, की बेचाळीस दिवसांचे तुम्ही उठून बसले, अन् आमची बाई एकोणीस दिवसांत काहून गेली? माझ्याकडे उत्तर होतं. दोन घासांचं. ते द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. मी सांगितलं, बेचाळिसाव्या दिवशी मोतीमाय दारात उभी होती, गळ्यात मोत्यांचे सर, म्हणाली, या घरातून एकाला नेईन, कुणाला नेऊ? मी हात पुढे केला, पण बयनानं माझा हात मागे ओढला आणि स्वतःचा दिला. जाताना मायनं माझ्या तळव्यावर बोट टेकवलं, म्हणाली, हिचा थंडावा तुझ्या हातात ठेवते. बोलता बोलता मलाच तो तळवा गार वाटला. नत्थूजी ओक्साबोक्शी रडला, त्यानं माझा हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. बाई अथी हाय, या हातात, म्हणाला. पंधरा दिवसांनी तोच तापानं पडला. त्या तेरवीला वाढणारा मीच होतो, हे आज मला कळतं. तेव्हा मी धावत बोरगावला गेलो, त्याच्यासाठी ताक कालवलं, न धुतल्या हातानं, आणि एकविसाव्या दिवशी त्याचा ताप आपल्या चालीनं उतरला. झालं. बाईनं भावाला वाचवलं. तिथून पुढे पांढुर्ण्याच्या, सौंसरच्या कुठल्याही मांडवात माझी सुटका नव्हती. पंगतीनंतर कुणाकडे ताप निघाला तर लोक म्हणत, यायचाच होता, कवडूजींचा हात लागला होता म्हणून हलक्यावर गेला. आणि जे हलक्यावर गेले नाहीत? त्यांच्या तेरवीलाही मठ्ठा मीच कालवला.

मी खरं सांगायचं ठरवलं. अरविंदच्या सायकल दुकानापुढच्या बाकावर, जिथे माझी सगळी संत्री आणि मेल गाड्या जन्मल्या, तिथे बसून मी म्हातारेकोतारे जमले असताना सगळं सांगितलं. डबी, काचेची पट्टी, गुलाबी काड्या, पित्ताची पिशवी. ते खूश झाले. असे खूश मेल थांबली तेव्हाही झाले नव्हते. अरविंदनं पंक्चर सोडून टाळी दिली. एकानं विचारलं, "गुलाबीच काहून, कवडूजी? भगव्या नाही?" दुसरा म्हणाला, "इतक्या काड्या नाक्यावरून आत कशा गेल्या जी? तुमी झोपले होते का?" मी ओरडलो. माझी शपथ, म्हणालो. पोरानातवांची शपथ घातली. तेव्हा तर कुणाच्या डोळ्यांतून पाणी यायचं राहिलं नाही. सदतीस वर्षं ज्यांनी एका थापेपायी आपली लेकरं माझ्या हाताखाली दिली, त्यांना एका दुपारी खरं सांगितलं तर ते म्हणतात, आता म्हातारपणी रंगात येऊन राहिले. मी तिथून उठलो तो चपला विसरून. या गावावर मी चिडलो, की माझ्यावर, की त्या अर्ध्या भाकरीच्या गार्डावर, मला सांगता येणार नाही. वाटेत सुधाकर भेटला. तो म्हणाला, मी पोलीस घेऊन मांडवात उभा राहतो. मी म्हटलं, उभा राहा. सरकार नको म्हणतं एवढ्यावरून दोन-दोन वाट्या जास्त पितील. त्यानं खिशातून दवाखान्याच्या लाल साबणाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि सायकलवर बसून निघून गेला. जशी काही मी त्याच्याकडे मागितली होती.

नत्थूजी आला तो अक्षता घेऊन. त्याची धाकटी मुलगी रजनी, तिचं लग्न वैशाखात बोरगावलाच होतं. तो आता सत्तावन्नचा, गुडघे धरून ओटा चढतो. पत्रिका देवापुढे ठेवली, मग माझ्या उजव्या हाताला कुंकू लावलं, हाताला, कपाळाला नाही. चार गंज मठ्ठा, आठशे पान, म्हणाला. मी दार लोटलं आणि त्याला सांगितलं, हळू, एकेक शब्द, सुधाकर मला सांगत होता तसं. की या हातानं ताप उतरत नाही, लागतो. तो हसला नाही. त्यानं हसावं असं मला फार वाटलं. तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "भाऊजी, माह्या घरी बाईचा फोटो नाही. तिनं कधी काढलाच नाही. रजनीच्या लग्नात बाईनं यावं, एवढंच हाय माहं. तुमाले नसन यायचं तं तसं सांगा, पन तिले नका काढू तिथून." दोन घासांचं खरं सांगितलं असतं तर त्याची बहीण दुसऱ्यांदा गेली असती, या वेळी माझ्या तोंडानं. नाही सांगितलं तर आठशे पान. मी येईन म्हणालो. प्रेमलता चहा घेऊन दारात उभी होती. तिनं चहा खाली ठेवला आणि मला एवढंच विचारलं, "मामाजी, प्रतिभाले नेऊ का लग्नाले?" एवढाच प्रश्न. माझ्या अंगाची लाही झाली. घरात राहून असा प्रश्न विचारायचा माणसानं? मी म्हटलं, ने. ने म्हणून सांगितलं ना.

बोरगावच्या मांडवात सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं. मागच्या बाजूला पळसाच्या पत्रावळींची चळत, त्यापलीकडे चार गंज, पांढरे, भरलेले, वर लोण्याचे कण तरंगत होते. वाटलेल्या सांबाराचा वास. बायका पदर खोचून बाजूला झाल्या. माझ्यासाठी वाट झाली, नेहमीसारखी, आणि नेहमीसारखे सगळे गप्प झाले. खरं सांगतो, त्या गप्प होण्यानं माझा हात आपोआप वर आला, बाही आपोआप दुमडली गेली. सदतीस वर्षांची सवय ही. पहिल्या गंजावर मी ओणवा झालो. ताकात माझं तोंड दिसलं, आणि त्या तोंडामागे गर्दीत रुमाल बांधलेलं एक डोकं. तिचे डोळे इतर सगळ्यांसारखे माझ्या हातावर नव्हते. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी सरळ झालो. पाणी आणा, म्हणालो. कुणाला समजलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं म्हणालो, लोटाभर पाणी आणा. प्रेमलतानं आणलं. मी खिशातून लाल साबणाची वडी काढली. मांडवात एक आवाज झाला, बैल बसताना करतो तसा, सगळ्यांचा मिळून. कुणी म्हातारी ओरडली, आवं थंडावा जाईन नं. मी सगळ्यांसमोर, गंजाला पाठ करून, हात धुतले. कोपरापर्यंत. फेस लालसर निघाला, दवाखान्याचा वास मांडवात पसरला. प्रेमलता वरून धार धरून होती, तिचा हात हलत नव्हता. पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं, तिथून पत्रावळींखाली गेलं, आणि सदतीस वर्षांत मी रचलेली सगळ्यात लाडकी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत तिच्या स्वतःच्याच नियमानं मेली. कुणाला समजवावं लागलं नाही. काड्या, पिशव्या, काचेच्या पट्ट्या, कशाचीच गरज पडली नाही. शपथा घालून जे झालं नाही ते लोटाभर पाण्यानं झालं; आणि याचाही मला रागच आला. मी ओल्या हातांनी गंजापासून दूर झालो. बायकांना म्हटलं, तुम्ही कालवा, तुम्हीही धुऊन. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं रवी उचलली.

नत्थूजी मांडवाच्या खांबाशी खाली बसला होता, नव्या धोतरावर माती लागत होती. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्यानं विचारलं, "गेली?"

"गेली," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांनी माझा उजवा हात धरला, आंधळा माणूस चाचपतो तसा तळव्यावरून अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "थंडच तं हाय अजून, भाऊजी."

"पान्यानं," मी म्हणालो. "पान्यानं हाय ते, नत्थूजी." आणि मग, तिकडे सनई सुरू झाली होती म्हणून त्याच्या कानाशी तोंड नेऊन, मी त्याला कण्यांचं सांगितलं. दोन घासांचं. हात धुवा न जी ती म्हणाली होती, तेही. मोतीमाय दारात आली नव्हती, कुणी आलं नव्हतं, तेही. सांगताना मला कुठे थांबावं लागलं नाही, कुठे रंग भरावासा वाटला नाही. "हे तुमच्या गोष्टीतलं होय," त्यानं विचारलं, "का खरं?"

"खरं."

त्यानं माझा हात सोडला. मला वाटलं तो उठेल, मला मांडवाबाहेर काढेल. त्यानं तसं केलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण तो तसाच बसून राहिला, आपल्या ओल्या झालेल्या तळव्यांकडे पाहत. मी प्रेमलताच्या हातून लोटा घेतला. नत्थूजीनं वर न पाहता दोन्ही हात पुढे केले. मी पाणी ओतलं, साबणाची वडी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"चोळा," मी म्हणालो. "नुसतं भिजवू नका. नखांमध्ये चोळा."